साडेआठचा भोंगा

पुण्याहून मुलाखत घ्यायला आलेली शिवांजली नावाची मुलगी दिग्विजयच्या पडवीत बसली, चहाचा कप बाजूला सरकवला, कॅमेरा चालू केला आणि माईक त्याच्या तोंडापुढं धरून म्हणाली, "सर, तुमचं गाणं आता क्लासिक झालंय. बेंजोवाले वरातीत वाजवतात, कॉलेजच्या गॅदरिंगला पोरं गातात. तर ते सुचलं कसं आणि रेकॉर्ड कसं झालं, ते सगळं सांगा."

दिग्विजयनं खाकरून घसा साफ केला. या प्रश्नाचं उत्तर गाणं सुचण्याच्या कितीतरी आधीपासून त्यानं तयार ठेवलं होतं. त्यात वादळ होतं, घाट होता, गिटारच्या तारांनी रक्ताळलेली बोटं होती. पण आतल्या खोलीत त्याची बायको संयोगिता शाळेतले पेपर तपासत बसली होती आणि दार सताड उघडं होतं. तिच्या देखत थाप मारायची सोय त्या घरात उरली नव्हती. तेव्हा वादळ त्यानं चहाबरोबर गिळून टाकलं आणि झालं ते सांगायला घेतलं.

दिग्विजय साखर कारखान्यात इलेक्ट्रिक विभागात फिटर होता. वय चव्वेचाळीस. केस एके काळी खांद्यापर्यंत होते आणि मागचे अजूनही होते, पुढच्यांनी मात्र केव्हाच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. कराडला कॉलेजात असताना अख्ख्या वर्गात एकट्या त्याच्याकडं इलेक्ट्रिक गिटार होती, ही त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी कामगिरी. ती त्याला वाजवता येत नाही, हे गॅदरिंगच्या दिवशी सगळ्यांना कळलं, पण तोवर संयोगितानं त्याला पसंत करून टाकलं होतं. प्रीतिसंगमाच्या बागेत कृष्णेकडं बघत त्यानं तिला शब्द दिला होता, "तुझ्यासाठी मी एक गाणं करणार. असलं, की लोक पन्नास वर्षं म्हणत राहतील."

"कधी करणार?" तिनं विचारलं होतं.

"झालंच समज," तो म्हणाला होता.

त्या 'झालंच'ला वीस वर्षं उलटली. लग्न झालं, मुलगी झाली, ती शिकायला साताऱ्याला हॉस्टेलवर गेली, गाणं तेवढं राहिलं. पहिली काही वर्षं संयोगिता विचारायची. पुढं चेष्टा करायला लागली. मग कधीतरी तिनं चेष्टाही सोडून दिली. चेष्टा चालू होती तोवर तिला थोडी तरी आशा होती, आता तिनं तो विषय मिटवला, हे त्याच्या ध्यानात आलं. हे गाणं झालं नाही, तर आपण एका थापेवर संसार केला असं होईल, याची त्याला अगदी मनापासून भीती वाटायची.

बँड मात्र होता. नाव 'तिसरी फेज'. शेतीच्या मोटारीला तीन फेज लागतात आणि तिसरी कधी वेळेवर येत नाही, हे सगळ्या तालुक्याला पाठ. दिग्विजयनं नाव ठेवलं ते बंडखोर वाटावं म्हणून. गावाला ते बँडचं नेमकं वर्णन वाटलं. बेस वाजवायचा अजमल. त्याचं कडेगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि तांब्याच्या तारा गुंडाळून त्याची बोटं इतकी टणक झाली होती, की गिटारची तार त्याला घाबरायची. ड्रम वाजवायचा बिरदेव. तो धनगराचा, गजीनृत्यात लहानपणापासून ढोल वाजवलेला. त्याचा ड्रमसेट निम्मा मिरजेच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचा आणि निम्मा घरी जमवलेला. दिवाळी झाली, की बिरदेव मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा आणि कारखान्याचा हंगाम लागला, की दिग्विजय पाळीत अडकायचा. त्यामुळं जगातल्या बाकी बँडना जे काय साधायचं ते वर्षभर साधता येतं, तिसऱ्या फेजला ते दिवाळीच्या आत साधावं लागे.

गाणं सुचायला आधी दुःख लागतं, असं दिग्विजयचं ठाम मत होतं. त्याची अडचण अशी, की नोकरी धडधाकट, म्हैस दुभती आणि सासूसुद्धा प्रेमळ. अशा परिस्थितीत माणसानं रॉक करायचं कशाच्या जोरावर? म्हणून एका उन्हाळ्यात तो गिटार पाठीला बांधून मोटारसायकलवरून कोयनानगरला गेला. तिथली जमीन अधूनमधून हलते. पृथ्वीच्या पोटातली गुरगुर ऐकायची आणि तीच गिटारवर उतरवायची, असा बेत. खिडकीशी गिटार मांडीवर घेऊन तो दोन दिवस भूकंपाची वाट बघत बसला. त्या दोन दिवसांत लॉजच्या खाटेचा एक पाय सोडला तर काहीही हललं नाही.

हिरमुसून परत येताना तो पाटणच्या अलीकडं एका टपरीवर चहाला थांबला. टपरीवाला म्हणाला, "मगाशी हलली की जमीन. तुमास्नी कळलं न्हाई?"

"कवा?"

"आता ह्येच, अर्धा तास झाला आसंल."

अर्ध्या तासापूर्वी दिग्विजय घाटातल्या खड्ड्यांमधून येत होता. खड्ड्यांनीच त्याला एवढं हलवलं होतं, की पृथ्वीला त्यात भर घालायला जागा उरली नव्हती.

तरीही त्या फेरीतून दोन ओळी हाती लागल्या. "घाट वळतो, नदी वळते, मी वळत न्हाई, मी वळत न्हाई!" गच्चीवर त्यानं त्या मूठ वळून, डोळे मिटून म्हणून दाखवल्या आणि डोळे उघडून दोघांकडं बघितलं.

बिरदेव म्हणाला, "मग जाशील की दरीत."

अजमल म्हणाला, "दुसरं कडवं काय?"

दुसरं कडवं नव्हतं. चालही नव्हती. दोन ओळी आणि एक मूठ, एवढ्या भांडवलावर गाणं अडकून पडलं.

आता भोंग्याचं सांगितलं पाहिजे. दिग्विजयचं गाव हिंगणमळा. कडेगाव तालुक्यातलं, म्हणजे जिल्हा सांगली, पण बाजारहाट, दवाखाना आणि प्रेमप्रकरणं सगळी कराडला. संयोगिता गावातल्याच हायस्कुलात गणित शिकवायची. पोरं मोबाईलमध्ये आणि आया टीव्हीत बुडालेल्या बघून तिनं ग्रामसभेत ठराव मांडला, की संध्याकाळी सातला भोंगा वाजवायचा, साडेआठला दुसरा, आणि मधल्या वेळात ज्याला ज्याला पडदा आहे ते सगळं बंद. टीव्ही बंद, मोबाईल बंद, कॉम्प्युटर बंद. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर एकमेकांशी बोलायचं. आसपासच्या एक-दोन गावांत असं चालू होतंच. ठराव मंजूर झाला आणि भोंगा समितीची अध्यक्ष संयोगिताच झाली.

भोंगा ग्रामपंचायतीच्या छपरावर बसवला तो दिग्विजयनं. बायकोचा हुकूम म्हणून, कुरकुरत, कारखान्यातून आल्यावर उरल्यासुरल्या वेळात. मोटारीला सुरुवातीचा जोर देणारा एक जुना कपॅसिटर अजमलच्या दुकानात पडला होता, तोच त्यानं भोंग्याला जोडून टाकला. त्या कपॅसिटरमुळं झालं असं, की भोंगा सरळ वर चढेना. खालून उठायचा, अर्ध्यावर एकदा अडखळायचा, दम घ्यायचा आणि मग वर जाऊन लांब ताणायचा. "बदलतो उद्या," असं दिग्विजय म्हणाला. हे उद्याही त्याच्या गाण्यासारखंच होतं.

संयोगिता मात्र उद्यावाली नव्हती. भोंग्याचं बटण ती स्वतः दाबायची आणि घड्याळाला घड्याळ लावून दाबायची. क्रिकेटची फायनल शेवटच्या षटकात आली असताना सरपंच दादासो स्वतः पंचायतीत येऊन म्हणाले, "बाई, एवढी सहा बॉलं हुद्या." ती म्हणाली, "दादासो, तुमी न्हाई बघितलं तरी ती सहा बॉलं पडणारच हायत," आणि बटण दाबलं. निकाल गावाला साडेआठला कळला.

पहिले काही दिवस त्या दीड तासात काय करावं, हे दिग्विजयला समजेना. मग एक दिवस तो गच्चीवर जाऊन गिटार वाजवायला लागला. गिटारला पडदा नसतो, हे कलम त्यानं स्वतः शोधून काढलं आणि बायकोच्या कायद्यात पळवाट काढल्याचा त्याला फार अभिमान वाटला. त्याच दिवसांत कधीतरी, भोंगा वाजून गेल्यावर, त्याची बोटं पट्टीवरून घसरत वर गेली, मध्ये अडखळली आणि पुन्हा वर जाऊन थांबली. त्याच्या अंगावर काटा आला. हीच ती चाल! कोयनेच्या पोटातली गुरगुर वाया गेली नव्हती, आपल्या आत जाऊन बसली होती आणि आता बाहेर आली होती. त्यानं बिरदेवला आणि अजमलला तसं गंभीरपणानं सांगितलंसुद्धा. त्यांनीही मान हलवली, कारण चाल खरंच दणदणीत होती.

त्यानंतर रोज सातनंतर तिसरी फेज गच्चीवर. आणि इथं एक गोष्ट दिग्विजयच्या लक्षात आली नाही. त्या वेळात सगळ्या गावात चिडीचूप असायचं. टीव्ही बंद, मोबाईल बंद, ट्रॅक्टरवरची गाणी बंद. दुसरं ऐकायला काही नव्हतंच. जगातल्या मोठमोठ्या बँडना श्रोते जमवावे लागतात, तिसऱ्या फेजला सगळं गाव ग्रामसभेच्या ठरावानं बांधून मिळालं होतं. आणि त्या गावाला रोज ऐकायला मिळत होत्या त्याच दोन ओळी. दुसऱ्या कडव्याच्या जागी दिग्विजय डोळे मिटून नुसतं "ला ला ला" करायचा. पोरांनी पाढे त्या ठेक्यात म्हणायला सुरुवात केली. भाकरी थापणाऱ्या बायकांचे हात त्या तालावर पडायला लागले. म्हशीची धार काढताना लोक "मी वळत न्हाई" गुणगुणायचे आणि स्वतःवरच वैतागायचे.

शेवटी शेजारच्या बनुबाईंनी समितीकडं तक्रार केली. वय पंचाहत्तरीच्या पुढं, कान मात्र ससाण्याचे डोळे असावेत तसे. पंचायतीत भरल्या बैठकीत त्या म्हणाल्या, "बाई, ह्याच्यापरीस सिरियल बरी. ती उद्या फुडं तरी सरकती."

सगळी बैठक हसली. दिग्विजय एका कोपऱ्यात बसला होता, तोही हसला, पण त्याचे कान तापले. संयोगिता अध्यक्षाच्या खुर्चीवर होती. ती हसली नाही. त्याच्याकडं न बघता म्हणाली, "दसऱ्यापर्यंत मुदत. गाणं पुरं करा न्हाईतर बंद करा. दसऱ्यानंतर भोंग्याच्या वेळात गिटार वाजणार न्हाई."

रात्री जेवताना तो म्हणाला, "घरातलंच माणूस हाय मी. मला आधी सांगायचंस तरी."

"वीस वर्सं सांगत हुते," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात आमटी वाढली.

मुदत लागल्यावर तिघं खडबडून जागे झाले. सांगलीला विश्रामबागेत एक स्टुडिओ होता, तिथं त्यांनी दिवस ठरवला. काचेच्या खोलीत तिघांना कोंबलं, कानाला हेडफोन लावले आणि त्यात ताल धरण्यासाठी टिक-टिक चालू झाली. बिरदेवनं जरा वेळानं हेडफोन काढून ठेवला. "बंद करा ह्ये. डॉक्टरच्या दारात बसल्यागत वाटतंय." टिक-टिक बंद झाली. मग दिग्विजय गायला लागला. माईक पुढं आल्याबरोबर त्याच्यात कोण शिरलं कुणास ठाऊक, तो 'घाट'मधला 'ट' जिभेवर घोळवून, नाकातून, परदेशी माणूस मराठी शिकत असावा तसा म्हणायला लागला.

अजमलनं बेस थांबवला. "दिग्या, दात दुखतोय का तुजा?"

संध्याकाळी त्यांनी तयार झालेलं गाणं ऐकलं. सगळं स्वच्छ, सगळं सुरात, आणि गाण्यात जीव मात्र नव्हता. शिवाय दुसऱ्या कडव्याच्या जागी अजून "ला ला ला"च होतं. कृष्णेच्या घाटावर बसून भडंग खात असताना अजमल म्हणाला, "गच्चीवर बरं वाटतंय रं आपलं गाणं. तितं आयकायला माणसं हायत."

"आपलं ऐकून शिव्या घालणारी," दिग्विजय म्हणाला.

"तरी आयकत्यात की गड्या."

ठरलं, की गच्चीवरच रेकॉर्ड करायचं. पण कधी? दिवसा पिठाची गिरणी आणि ट्रॅक्टर, सातच्या आत टीव्ही, साडेआठनंतर आणखी टीव्ही. शांतता असायची ती फक्त दोन भोंग्यांच्या मध्ये. आणि रेकॉर्डिंगला लागणाऱ्या मोबाईलला, लॅपटॉपला पडदा. दिग्विजयनं हे घरी मांडून बघितलं.

"फकस्त एक दिवस, संयोगिता. पडद्यावर कापड झाकतो."

"मग दादासो म्हणतील, आमी बी टीव्हीवर कापड झाकतो, नुसतं आयकतो," ती म्हणाली. "न्हाई."

तिचं बरोबर होतं, हेच त्याला सगळ्यात जास्त झोंबलं.

तोडगा अजमलनं आणला. त्याचे वडील इमामचाचा उरुसातल्या कव्वाल्या भरून घ्यायचे, त्यांचा टेपरेकॉर्डर अजून माळ्यावर होता. भलामोठा, दोन स्पीकरचा, आणि पडदा म्हणाल तर औषधालाही नाही. समितीनं टेपरेकॉर्डर पंचायतीच्या टेबलावर ठेवून चारही बाजूंनी तपासला आणि मंजुरी दिली. अशा रीतीनं, जुन्या काळातली मोठी गाणी टेपवर झाली, तसंच आपलंही होणार, याचा दिग्विजयला आनंद झाला. ते कलेसाठी नसून भोंगा समितीच्या परवानगीनं होतंय, एवढा भाग त्यानं मनातल्या मनात वगळला.

आता राहिलं दुसरं कडवं. दसऱ्याला एक दिवस उरला होता. सातचा भोंगा होऊन गेला आणि दिग्विजय गच्चीवर एकटाच चाल वाजवत बसला. शेजारच्या गच्चीवर बनुबाई गोधडी घडी करत होत्या. मध्येच थांबून त्या म्हणाल्या, "आरं दिग्या, कवाधरनं म्हणीन म्हणते. ह्यो तर भोंगाच हाय की."

"काय भोंगा?"

"तुजी चाल." आणि त्यांनी तोंडानं करून दाखवलं. खालून उठून, अर्ध्यावर अडखळून, वर लांबलचक ताणून. "मगाशी वाजला का न्हाई, त्योच."

दिग्विजयनं चाल पुन्हा वाजवून बघितली. मग आणखी एकदा. भोंगाच होता. कोयना नव्हती, पृथ्वीचं पोट नव्हतं. त्याच्या हातून बसलेला सडका कपॅसिटर होता. रोज सातला तो कानावर पडत होता आणि लगेच नंतर हा शहाणा गच्चीवर येऊन तोच गिटारवर वाजवत होता. सगळ्या गावाला हे ठाऊक असणार, फक्त संगीतकाराला पत्ता नव्हता. तो आधी खजील झाला, मग त्याला हसू फुटलं, आणि इतकं आलं, की बनुबाईंनी गोधडी ठेवून विचारलं, "बरं हाय न्हवं तुला?"

हसू ओसरल्यावर त्याची नजर पंचायतीकडं गेली. तिथं दिवा जळत होता. साडेआठ होईतोवर संयोगिता रोज तिथंच पेपर तपासत बसायची. चाल तिच्याकडूनच आली होती. रोज ती बटण दाबत होती आणि तो तिच्याच हाकेवर बोटं फिरवत होता. ज्या बाईसाठी गाणं करायचं म्हणून तो कोयनेपर्यंत जाऊन आला, तिनं ते रोज संध्याकाळी त्याच्या कानात घातलं होतं. दुसरं कडवं त्याला उभ्या उभ्याच सुचलं आणि ते त्यानं कुणाला म्हणून दाखवलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी सोनं वाटून झालं आणि सातचा भोंगा झाल्याबरोबर तिघं गच्चीवर जमायचे होते. जमले दोघंच. बिरदेवची एक मेंढी नेमकी त्याच वेळेला व्याली होती. तो आला तेव्हा बराच वेळ गेला होता आणि त्याच्या सदऱ्याला कोकराचा वास येत होता. मग कॅसेट भरून घेईना, कारण इमामचाचांनी कव्वाली पुसली जाऊ नये म्हणून वरचा प्लास्टिकचा तुकडा मोडून ठेवला होता. तिथं कागदाचा बोळा बसवला. पहिल्या खेपेला अजमलच्या बोटांनी तार तोडली. दुसऱ्या खेपेला दिग्विजयच "घाट वळतो"च्या जागी "नदी वळते" म्हणाला. तार बदलून, टेप मागं घेऊन तिसऱ्यांदा तयार झाले, तेव्हा साडेआठला फार वेळ उरला नव्हता. गाणं त्याहून लांब होतं.

"मधीच भोंगा हुणार," अजमल म्हणाला. "वयनीला निरोप धाडूया का?"

दिग्विजयनं खाली बघितलं. निरोप धाडला असता तर ती काय म्हणाली असती, हे त्याला ठाऊक होतं. सरपंचाला सहा बॉलं मिळाली नव्हती. "नको," तो म्हणाला. "हुईल तेवढं हुईल."

बिरदेवनं काठ्या आपटून चार मोजले आणि अजमलनं टेपची दोन्ही बटणं एकदम दाबली. चाल उठली, अडखळली, वर गेली. दिग्विजय "घाट वळतो" म्हणायला लागला आणि या वेळी त्याचा 'ट' अगदी कडेगावचा होता. आजूबाजूच्या गच्च्यांवर, दारांत माणसं येऊन उभी राहिली होती. पोरांना आयांनी ओठांवर बोट ठेवून गप्प बसवलं होतं. रोज शिव्या घालणारं गाव श्वास धरून उभं होतं, आणि "मी वळत न्हाई" आलं तेव्हा बनुबाईंचे ओठ हलताना त्याला स्पष्ट दिसले.

मग दुसऱ्या कडव्याची जागा आली. रोजच्या "ला ला ला"ची. दारांत आलेल्या बायकांच्या हातात रिमोट तयारच असणार, आता कुठल्याही क्षणी भोंगा होणार, हे त्याला माहीत होतं. पंचायतीच्या दारात, दिव्याखाली संयोगिता उभी होती. तिचं तोंड गच्चीकडं होतं. दिग्विजयनं तिच्याकडं बघत म्हटलं,

"हाक आली, भोंगा झाला,
मी वळलो गं, मी वळलो गं.
साऱ्या वाटा फिरून आलो,
तुझ्या दारी कळलो गं."

बिरदेवचा हात क्षणभर चुकला, कारण हे त्यानंही पहिल्यांदाच ऐकलं होतं. पण तो चुकलेला ठोका इतका जागच्या जागी पडला, की आता गाणं वाजवणारे पोरगे तो मुद्दाम चुकवतात. दिग्विजय तेच कडवं पुन्हा म्हणाला, पुन्हा चाल वाजवली, आणि वाजवता वाजवता त्याच्या लक्षात आलं, की भोंगा झाला नाही. साडेआठ केव्हाच होऊन गेले होते. अजमल मनगटावरचं घड्याळ डोळ्यांनी दाखवत होता. एकाही घरातून टीव्हीचा आवाज नव्हता. सिरियल सुरू होऊन गेली असणार, तरी गाव जागचं हललं नव्हतं. आणि संयोगिता अजून दारातच उभी होती, हात पदरात गुंडाळून.

शेवटचा सूर त्यानं लांबवला तेवढा लांबवला. तो विरत आला, तारेत उरला न उरला एवढा झाला, आणि तेवढ्यात भोंगा उठला. खालून, त्याच सुरातून. सूर तोच असणार, तिथूनच तर चोरला होता. उठला, अर्ध्यावर अडखळला, दम घेतला आणि वर जाऊन सगळ्या हिंगणमळ्यावर ताणत राहिला. तो पूर्ण उतरल्यावरच अजमलनं बटण दाबून टेप थांबवली. तोवर घराघरांतून टीव्ही लागले होते आणि बनुबाई ओरडून कुणाला तरी विचारत होत्या, "काय काय झालं गं सुरवातीला?"

संयोगिता घरी आली तेव्हा दिग्विजय पायरीवर बसला होता. "उशीर झाला आज भोंग्याला," तो म्हणाला.

"घड्याळ मागं पडलं हुतं," ती म्हणाली.

तिच्या मनगटावर शाळेची घंटा चालवणारं घड्याळ होतं, आणि साऱ्या गावाची घड्याळं त्यावर लावली जायची. ती चपला काढून आत गेली. उंबऱ्यातून वळून म्हणाली, "झालंच म्हनला हुता कृष्णेकाठी. झालं एकदाचं." आणि तिनं आत जाऊन तोंडावर पाण्याचे हबके मारले, बऱ्याच वेळा.

दिग्विजयनं एवढं सांगितलं आणि तो थांबला. शिवांजलीच्या हातातला माईक केव्हाच खाली आला होता. "म्हणजे शेवटी तो जो आवाज चढत जातो," ती म्हणाली, "लोक तर म्हणतात, की तो कुठल्या परदेशी सिंथेसायझरवर केलाय!"

"आमच्या मंडळींनी केलाय," दिग्विजय म्हणाला. "मुद्दाम थांबून केलाय."

"घड्याळ मागं पडलं हुतं," आतून आवाज आला. पाठोपाठ संयोगिता पंचायतीची किल्ली घेऊन बाहेर आली आणि शिवांजलीला म्हणाली, "बाळ, सात वाजायला आल्यात. मी चालले. तुजा तो कॅमेरा आता बंद कर."

"ताई, फक्त पाच मिनिटं! शेवटचा एकच प्रश्न राहिलाय. आज पाच मिनिटं उशिरा वाजवा ना."

संयोगिता पायऱ्या उतरता उतरता थांबली.

"भोंगा कुणासाठी थांबत नसतो," ती म्हणाली आणि निघाली.

दिग्विजयनं वर बघितलं नाही. हसू लपवत तो खाली वाकून शिवांजलीची वायर गुंडाळायला लागला.